आजचा फोटो बाकी आहे

मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या काचेला आडवी चीर आहे, त्यामुळे आता मी जे बघतो त्याचे दोन तुकडे होतात. मित्रांनो, ही चीर नव्हती आणि घरात कोणी कमीही नव्हते, त्या शेवटच्या साध्या दिवसापासून तुम्हांला सांगतो.

लखनौच्या अलीगंजमधल्या एका गल्लीतले घर. नोव्हेंबरची सकाळ होती. चंद्रप्रभाबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. त्यांची मुलगी देविका एका हातात गुंडाळलेला पराठा आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून उभ्याउभ्या खात होती. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती आणि तिला रोज उशीर व्हायचा. तिचे वडील आत्मारामजी मला गळ्यात अडकवून दारात आले.

"देवू, मान वर कर वं पोरी. आजचा फोटो बाकी आहे."

पुस्तक माझ्यासमोर आडवे आले. लखनौत वाढलेली देविका घरातही हिंदीच बोलायची. "पापा, रोज-रोज क्या? आज क्या खास है?"

"खास नाही, म्हणूनच तर."

"कल ले लेना. पक्का."

"मेथीचा फोटो काढा," चंद्रप्रभाबाई मान वर न करता म्हणाल्या. "ती कुठं पळत नाही."

आत्मारामजी हसले आणि त्यांनी मेथीचा फोटो काढला. हिरवा ढीग, त्यात बाईंचा अंगठा. त्या दिवशी आणखी काहीही झाले नाही.

माझा जन्म काही सौम्य नव्हता. कारखान्यात मला पिळून पिळून स्क्रू बसवले. माझ्याच एका भावाला उंचावरून फरशीवर आपटले, कितपत टिकतो ते पाहायला. तो फुटला. मी त्याच्या शेजारच्या पट्ट्यावर होतो. त्यामुळे माझ्या खोक्यावर 'मजबूत' असे छापले, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला नाही.

आत्मारामजी मूळचे भंडाऱ्याकडचे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि बदल्या होत होत लखनौत स्थिरावले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला विकत घेतले. त्यांचे वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. हार आणला होता आणि तो घालायला काही नव्हते. शेवटी तो खुंटीवरच्या सदऱ्याला घातला. "माणूस एवढा जगला, अन् सदरा उरला," आत्मारामजी सांगत.

म्हणून त्यांनी नेम केला. रोज एक फोटो. साध्या गोष्टीचा, आणि एकच. "दुसरा काढला की पहिला खोटा पडतो," असे त्यांचे म्हणणे. लग्न, सत्कार, पुढारी यांचे फोटो ते काढत नसत. "त्यांना काढणारे पुष्कळ आहेत." माझ्यात साठले ते काय? दुधाच्या पिशवीवरचे दव. गच्चीवर वाळणारी रजई. जवळच्या कपूरथला बाजारातला केळीवाला, डोळे मिटून जांभई देताना. पाहुणे फोटो पाहून म्हणत, "भाईसाहब, आँख है आपकी!" तेव्हा आत्मारामजी माझ्यावरची धूळ पुसत आणि म्हणत, "हा बघतो. मी फक्त उभा राहतो."

पण मित्रांनो, आमची गल्ली काही गरीब स्वभावाची नव्हती. मोकाट सांड भाजीच्या गाडीत शिंग घालायचा आणि भाजीवाला त्याच्या पाठीत लोखंडी सळई घालायचा. एकदा पाण्याच्या मोटरवरून दोन भाऊ एकमेकांवर विटा घेऊन धावले आणि धाकट्याचे दात नालीत पडले. आत्मारामजी मारामारीचा फोटो काढत नसत. दुसऱ्या सकाळी तिथे जाऊन मागे उरलेल्या एका चपलेचा फोटो काढत.

आणि सहालग, म्हणजे लग्नांचा हंगाम आला की गोळ्या उडायच्या. बारात निघाली, बँड चढला, की नवरदेवाकडचा कोणीतरी हवेत पिस्तूल झाडणार. आनंद म्हणून. इथे त्या आवाजाने कोणी खिडकीही उघडत नाही. सकाळी गल्लीतली पोरे रिकामी काडतुसे वेचायची आणि शिट्ट्यांसारखी वाजवायची. एका मुलीच्या तळहातावरच्या तीन काडतुसांचा फोटो माझ्यात आहे. आत्मारामजींना तीही साधीच गोष्ट वाटली होती. सगळ्यांनाच वाटत होती. या हकिकतीतली चूक हीच आहे, आणि ती कोणा एकाची नाही.

समोरच्या घरात राजेश राहायचा. देविकाला सख्खा भाऊ नाही, म्हणून ती लहानपणापासून त्याला राखी बांधायची. तो तिला छोटी म्हणायचा. दर राखीपौर्णिमेला आत्मारामजींचा त्या दिवसाचा एक फोटो ठरलेला असे: राजेशचे मनगट आणि देविकाची बोटे. चेहरा नाही, कारण देविका चेहरा काढू देत नसे.

मेथीच्या दुसऱ्या दिवशी राजेशच्या धाकट्या भावाची, इंद्रजितची बारात होती. सकाळी देविकाने पुन्हा पुस्तक आडवे धरले, "शाम को, पापा, शादी में" म्हणाली आणि गेली. संध्याकाळ झाली, ती आत साडी नेसत होती. आत्मारामजी मला घेऊन फाटकाशी उभे राहिले.

नवरदेव घोडीवर आला. त्यांनी मला त्याच्याकडे वळवले नाही. डोक्यावर दिव्यांची जड झाडे घेऊन बायका चालत होत्या, एकीची वायर दुसरीला बांधलेली. त्यातल्या एका बाईची चप्पल वायरीत अडकली होती. डोक्यावरचा भार न हलवता ती पायाच्या अंगठ्याने चप्पल सोडवत होती. आत्मारामजींना त्यांचा फोटो सापडला.

तिच्या मागे राजेश होता. त्याने हवेत एक गोळी झाडली होती. दुसरी उडेना. त्याने हात खाली घेतला, पिस्तूल झटकले आणि वाकून त्यात पाहू लागला.

आत्मारामजींनी बटण दाबले. माझा फ्लॅश पडला, आणि पिस्तूल उडाले.

गोळी माझ्यापासून चार बोटे वर, गळ्याखाली लागली. ते मला नेहमी छातीशी धरूनच फोटो काढत. ते गुडघ्यांवर बसले, मग पुढे पडले, आणि मी त्यांच्याखाली सिमेंटवर दाबला गेलो. रक्त गरम असते हे मला तेव्हा कळले. ते माझ्या फटींत शिरले. वर छाती दोनदा उचलली गेली, मग नाही. पुढच्या लोकांना काही कळले नव्हते, त्यामुळे बँड वाजतच होता. लोक त्याच तालावर नाचत होते. देविका निऱ्या हातात धरून धावत आली, तेव्हाही ते गाणे संपले नव्हते. बारातीमुळे दवाखान्याची गाडी गल्लीत येईना. राजेश कुठेच दिसत नव्हता.

रात्रीपर्यंत गल्लीचे ठरून गेले होते. "कोई बाराती था, भाग गया."

तिसऱ्या दिवशी हार आला. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली पाट मांडला होता आणि त्यावर ठेवायला फोटो नव्हता. देविका मला मांडीवर घेऊन एकेक चित्र मागे मागे नेऊ लागली. मेथी, रजई, केळीवाला, दव. वडील कुठेच नाहीत. काढणारा चित्रात कसा येणार? शेवटी सापडली ती सावली. गच्चीवर तांदूळ निवडणाऱ्या चंद्रप्रभाबाईंच्या पायाशी पडलेली, दोन्ही कोपरे बाहेर काढून उभी असलेली एक लांब सावली.

"सावलीला हार घालतेस?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. मग त्याच पुढे झाल्या आणि त्यांनी हार घातला.

पण त्याआधी, अगदी शेवटचे चित्र देविकाला दिसले होते. वाकलेली बाई, अंगठ्यात चप्पल. मागे राजेश, मान खाली. त्याच्या हातातल्या पिस्तुलाचे काळे, गोल तोंड सरळ माझ्याकडे.

तिने आईला दाखवले. बाईंनी मला डोळ्यांजवळ नेले.

"काढून टाक," त्या म्हणाल्या. "आपण परमुलखातले लोक, देवू. याच गल्लीत राहायचं आहे. ह्यांचं झालं ते झालं. तुला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू?"

"मम्मी, वो राजेश भैया है."

"म्हणून तर म्हणते."

देविकाने बोट बटणावर ठेवले. मी सांगतो मित्रांनो, ते बोट तिथे बराच वेळ होते. मग तिने मला कपाटात ठेवले.

दुसऱ्या दुपारी राजेश आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. जिन्याच्या तोंडाशीच तिने त्याला अडवले.

"छोटी, कैमरा दे दे. मैंने फ्लैश देखा था."

"तो तुम्हें पता है."

"जान-बूझकर थोड़े ना मारा, यार! चाचाजी को मैं मारूँगा? खुशी में चल गई."

"खुशी में."

"एक फोटो है बस. डिलीट कर देते हैं. मेरी बच्ची का सोच. तूने राखी बाँधी है मुझे."

"बाँधी है. इसी हाथ पे."

त्याने तिला भिंतीशी ढकलले आणि कपाट उघडले. मी त्याच्या हातात आलो. तिने माझा पट्टा पकडला. दोघे ओढत राहिले. त्याने तिच्या बोटांवर मूठ हाणली, तिने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी त्याच्या हातातून सुटलो. मग जे झाले ते सांगायला मला जड जाते. देविकाने, जी पुस्तकाचे पान दुमडलेलेही सहन करत नसे, मला पट्ट्याने गरगर फिरवले आणि त्याच्या तोंडावर मारले. एकदा. पुन्हा एकदा. माझी काच त्याच्या गालाच्या हाडावर तडकली. त्याचे रक्त जिन्यावर उडाले. तिसऱ्यांदा तिचा हात वर गेला आणि वरच राहिला.

ही चीर त्या वेळची आहे. माझ्या अंगावर आता दोन माणसांचे रक्त होते, आणि दुसरे मी स्वतः काढले होते.

चंद्रप्रभाबाई दारात उभ्या होत्या. राजेश गाल धरून खाली पायरीवर बसला होता. त्यांनी मला देविकाच्या हातातून सोडवून घेतले, पदरात गुंडाळले आणि चपला घातल्या.

"चल पोलीस स्टेशनला," त्या म्हणाल्या.

"मम्मी, आपने ही तो कहा था..."

"काल म्हटलं होतं. आज तुझा हात पाहिला. हे घरात ठेवलं तर उद्या तू कोणाला तरी मारशील, नाहीतर तो तुला. चल."

पोलिसांनी मला पांढऱ्या कापडात शिवले, लाखेची मोहोर लावली आणि मालखान्यात, म्हणजे जप्त केलेल्या वस्तूंच्या खोलीत ठेवले. तिथे अंधार होता. चाकू, गावठी कट्टे, रक्ताने कडक झालेले कपडे, सगळे आपापल्या गाठोड्यांत. माझ्या शेजारच्या गाठोड्यात ते पिस्तूल होते. एकाच गुन्ह्याचे म्हणून आम्हांला जोडून ठेवले होते. मी त्याला दोष द्यायला निघालो होतो. मग जिना आठवला. त्यालाही कोणीतरी हातात घेतले होते, मलाही. उंदरांनी माझा पट्टा कुरतडला.

बऱ्याच महिन्यांनी कोर्टात माझे टाके उसवले. चित्र मोठे करून भिंतीवर दाखवले. राजेश पिंजऱ्यात उभा होता, गालावर माझी खूण घेऊन. त्याच्या वकिलांनी देविकाला विचारले, "मैडम, इतनी बड़ी बारात. आपके पिताजी दूल्हे को छोड़कर एक लाइट वाली की चप्पल का फोटो क्यों ले रहे थे? कुछ अजीब नहीं है?"

"वो रोज़ की चीज़ों का फोटो लेते थे, सर. दूल्हा रोज़ की चीज़ नहीं है."

मागे कोणीतरी हसले.

"और ये पिस्तौल?"

देविकाने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले. "वो हमारे यहाँ रोज़ की चीज़ हो गई है. इसीलिए आ गई."

मग कोणी हसले नाही.

खटला अजून चालू आहे. चित्राची नक्कल ठेवून घेऊन कोर्टाने मला देविकाच्या हवाली केले. दुरुस्तीवाला म्हणाला, काच बदलावी लागेल. देविका म्हणाली, असू द्या. तिने कापसाने माझ्या फटींतले वाळलेले रक्त काढले. सगळे निघाले नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालणार नाही, म्हणून एवढेच मागतो. आनंद झाला तर गा, नाचा, घसा बसेपर्यंत ओरडा, पण आनंदाच्या हातात गोळी देऊ नका. आणि तुमच्या घरात कोणी कॅमेरा घेऊन दारात उभे राहिले, म्हणाले की जरा मान वर कर, तर करा. एका फोटोला पापणी लवण्याएवढाच वेळ लागतो. आमच्यासारख्यांना जपायचे ते पुसून कपाटात ठेवून नव्हे. आम्हांला धरणारा हात आहे तोवर त्याच्यासमोर उभे राहून.

आज सकाळी देविकाने मला आईच्या हातात दिले. बाईंना मी जड वाटलो. त्या फाटकाच्या आत, आत्मारामजी जिथे उभे राहत तिथे उभ्या राहिल्या, आणि ऊन पाठीवर असल्याने त्यांची सावली लांब पुढे पडली, दोन्ही कोपरे बाहेर. देविका त्या सावलीच्या टोकाशी थांबली. हातात पुस्तक नव्हते. समोरच्या घराच्या खिडकीत कोणीतरी उभे होते. तिने तिकडे पाहिले नाही.

"हलू नको वं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. चिरेच्या वर देविकाचे डोळे होते, खाली तिचे ओठ.

तिने मान वर केली. आईकडे नाही, माझ्याकडे पाहिले, आणि जी मराठी त्या घरात ती कधी बोलली नव्हती तीत मोठ्याने बोलली.

"काढा, बाबा. मी कुठं पळत नाही."