जिराफ काय म्हणतो?

त्या वर्षी आमच्या घरात अठ्ठावीस प्राणी राहत होते. सत्तावीस बोलायचे. अठ्ठाविसावा जिराफ, तो काही बोलत नव्हता, आणि त्याच्यापायी आम्ही चौघं मात्र दिवसभर बोलत होतो.

झालं असं, की आत्या चाळीस वर्षं पहिलीच्या मुलांना प्राणी शिकवून निवृत्त झाली आणि तिला घर पुरेना. ती दूधवाल्याला गाईच्या पोटाचे कप्पे समजावू लागली, शेजारच्या मांजराला त्याच्याच मिशांचा उपयोग सांगू लागली. शेवटी दादा म्हणाला, "आत्या, तुझा वर्ग आपण कॉम्प्युटरमध्ये बसवू या." दादा आवाज मुद्रित करणारा, वहिनी चित्रं काढणारी, मी प्रोग्राम लिहिणारी. बाहेरून कुणाला बोलवायची गरजच नव्हती.

पडद्यावर एक रान केलं. मुलानं बोट लावलं की प्राणी जागा व्हायचा, आवाज काढायचा, वहिनीनं रचलेल्या दोन ओळी म्हणायचा, मग विचारायचा, माझं पिल्लू यातलं कोणतं? गाय म्हणायची,

हिरवं कुरण गं, चरून मी आले,
बसल्या जागी माझं जेवण पुन्हा झाले.

आत्याचा नियम एकच: खोटं अक्षर चालणार नाही. वाघाचे पट्टे दोन्ही अंगांवर सारखे नसतात, म्हणून वहिनीनं वाघ तीनदा पुसला. जिराफाची ओळ ऐकून तर आत्यानं चष्माच काढला.

"उंच माझी मान, ढगाला लागली? कुणी बघितलं?"

"आत्या, गाणं आहे हो ते."

"गाण्यात खोटं बोललं की चालतं वाटतं?"

ढगाचा शेंडा झाला. "उंच माझी मान, शेंड्याला लागली, कोवळी पालवी वाट्याला आली."

ओळी जमल्या. आवाजाचं काय? माझाही एक नियम होता: बोट लावलं की उत्तर आलंच पाहिजे. नाही आलं तर मुलाला वाटतं, बिघडलं.

"जिराफ मुका नसतो," आत्या म्हणाली, "पण क्वचित बोलतो, आणि तेही आपल्याला ऐकू यायची मारामार. बोट लावल्याबरोबर भोंगा द्यायला तो काय मोटार आहे?"

दादा ऐकेना. तो मुद्रणासाठी कपड्यांच्या कपाटात बसायचा. जाड कोटांच्या मध्ये आवाज घुमत नाही. तिथं बसून त्यानं दाराची करकर करून पाहिली, तुतारी फुंकून पाहिली, स्वतःचा गळा ताणून पाहिला. बाहेर आत्या चहाचा कप घेऊन उभी. शेवटी तिचा पारा चढला. "अरे, गप्प बसा जरा! तो खातोय ना, खाऊ द्या त्याला!"

तेही मुद्रित झालं. आणि आवाजाची जागा रिकामी ठेवली की माझा प्रोग्राम अडून बसायचा, म्हणून मी हसत हसत तोच तुकडा जिराफाच्या जागी ठेवून दिला. तात्पुरता. उद्या काढू म्हटलं.

वहिनी तेवढी कुरकुरत होती. "अकरा दिवस त्याची मान रंगवतेय मी. गिळलेला घास पोटातून परत वर येतो, तो मानेतून चढताना दाखवलाय. तुम्ही सगळे कान लावून बसता, माझा घास कुणी बघतच नाही!"

शाळेत दाखवायचा दिवस उजाडला. तिथल्या मोठ्या बाई म्हणजे आत्याचीच जुनी विद्यार्थिनी. लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून आत्यानं तिचं नाव खार ठेवलं होतं. या खारीनं आत्याला अट घातली होती. "बाई, तुम्ही मागच्या बाकावर बसा. पण तोंडातून शब्द काढायचा नाही. तुम्ही शिकवलंत तर मुलं शिकणारच हो. मला बघायचंय, हे तुमच्याशिवाय शिकवतं का. शिकवलं तर पहिलीच्या तिन्ही वर्गांत लावते. नाहीतर नाही."

सकाळपासून आत्यानं चष्मा दोनदा पुसला आणि दोनदा हरवला. चाळीस वर्षांचं शिकवणं आज वर्गात परत जाणार होतं, नाहीतर आमच्या कपाटातच राहणार होतं.

वर्ग उजेडानं भरलेला, बाकं बुटकी, त्यांत गुडघे छातीशी घेऊन आम्ही चौघं. मुलं एकेक करून पडद्याशी येत होती. हत्ती चीत्कारला, टाळ्या पडल्या. बेडूक ओरडला, एकोणतीस बेडूक ओरडले. आत्या ओठ घट्ट मिटून आनंदानं नुसती डुलत होती.

मग पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी आली. तिनं जिराफावर बोट ठेवलं.

"अरे, गप्प बसा जरा! तो खातोय ना, खाऊ द्या त्याला!"

अख्खा वर्ग चिडीचूप. दादा माझ्या कानाशी पुटपुटला, "ए शहाणे, तू काढलं नव्हतंस?"

"हा जिराफ आमच्या आजीसारखा बोलतो," एक मुलगा म्हणाला, आणि हशा उसळला. मुलीनं पुन्हा बोट लावलं. पुन्हा ओरडा. पुन्हा हशा. मग कमरेवर हात ठेवून तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, "जिराफ फार रागीट असतो."

आत्यानं मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली: अट. आत्या क्षणभर बाकाची कड धरून बसली. मग उठलीच.

"मुलांनो, जिराफ रागीट नसतो. तो आवाज माझा आहे."

"म्हणजे तुम्ही जिराफाच्या पोटात होता?"

"नाही रे राजा, कपाटाच्या बाहेर होते." मग माझ्याकडे वळून, "काढ तो."

"आत्या, मग बोट लावल्यावर काहीच..."

"काढ म्हणते ना!"

मी पुढे जाऊन त्या जागी आवाजच नसलेला लांबलचक तुकडा ठेवला, ओळी त्याच्यानंतर. मुलीनं बोट लावलं. काही नाही. पडद्याला कान लावला. काही नाही. "बिघडला," ती म्हणाली. आत्या तोंडावर बोट ठेवून नुसती पडद्याकडे बघत राहिली. तिचं बघून मुलंही बघू लागली.

लांब काळसर जीभ फांदीभोवती फिरली. पानं आत गेली. जबडा आडवा फिरला. जिराफानं गिळलं. तो थांबला. आणि मग त्या उंच मानेत, अगदी खालून...

"अगंबाई, काहीतरी वर चाललंय!"

"उंदीर!"

"लिफ्ट आहे, लिफ्ट!"

"घास आहे तो!" मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. इतका वेळ तो मुलगा बेडूकसुद्धा झाला नव्हता. "गिळलेला घास परत आला. गाईसारखा!"

वहिनीनं माझा हात असा दाबला की बोटं मोडायची बाकी राहिली.

मोठ्या बाई उठून आल्या. "बाई, अट मोडलीत."

"मोडली. निकाल काय द्यायचा तो दे, खार. पण जिराफ रागीट असं शिकून तीस पोरं घरी गेली असती, तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता."

"तुम्ही कपाटाचं तेवढं सांगितलंत," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाकीचं शोधलं मुलांनी. तुम्ही तर तोंडावर बोट ठेवून उभ्या होतात."

त्या आणखी काही म्हणणार, तेवढ्यात दात पडलेल्या मुलीनं आत्याचा हात ओढला. "एवढी मोठी मान तो झोपताना कुठे ठेवतो?"

प्रोग्राममध्ये ते नव्हतं. आत्यानं ओठ मिटले आणि शाळकरी मुलीसारखं मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"विचारतेय ना ती? सांगा की, बाई!"

आत्या जमिनीवरच बसली. एक हात उंच धरला: ही मान. मनगट वाकवलं: हे डोकं. मग हात हळूहळू मागे वळवून पंजा कमरेपाशी टेकवला. "गाढ झोपला की असा. पण थोडाच वेळ हं."

तीस हात वर गेले आणि तीस हात वळून मागे टेकले. दादाचा गेला, माझा गेला. मोठ्या बाई हातातली वही ठेवून खाली बसल्या, हाताची मान मागे वळवली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "उद्यापासून तिन्ही वर्गांत. आणि हे झोपायचंही घाला त्यात."

"आणखी अकरा दिवस," वहिनी स्वतःच्या मानेखालून पुटपुटली.

घंटा झाली. एकही जिराफ उठला नाही.