ग्यानोबाने घातलेला बांध

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेका, पाय पसरा, इथे परकं कुणी नाही. बुवा अजून पंगतीत आहेत, टाळकऱ्यांचं पान जमायचंय. कीर्तनाला घटकाभर अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. हसवणारी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या गल्लीतल्या एका बाईची आहे.

लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला. नव्या जिल्ह्याबरोबर नव्या योजना आल्या आणि त्यातल्या एका योजनेत धुरपताबाईला पंचवीस पांढऱ्या कोंबड्या मिळाल्या. बाई पन्नाशीची, नवरा ग्यानोबा जाऊन काही वर्षं झालेली. एकुलती लेक पंचफुला मुदखेडला दिलेली. जावई किशनराव माणूस वाईट नव्हे, दर दिवाळीला म्हणायचे, "मामी, एकल्या कशाला ऱ्हाता? चला आमच्याकडं." धुरपताबाई मान हलवायची आणि ते गेले की म्हणायची, "लेकीच्या दारात भाकर खायची न्हाई मला. हात हायेत तवर माझी चूल हितंच."

कोंबड्यांवर ती चूल पेटत होती. आठवड्याला अंड्यांची टोपली उदगीरच्या बाजारात जायची. कोंबड्या राहिल्या तर तिचं घर राहणार होतं, नाहीतर मुदखेडची वाट होती.

कोंबड्यांचं वाडगं तिनं अंगणाच्या उतरत्या कडेला केलं होतं, लिंबाच्या सावलीत, बांधाला चिकटून. आता या बांधाचं सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात धुरपताबाई दिवसभर खडी फोडायची आणि घरी आली की कमरेला दोर बांधून आडात उतरायची. तळाला वाटीभर झरा. वाटीवाटीनं घागर भरायची. पुढं पाऊस परतला तेव्हा ग्यानोबानं अंगणाच्या खालच्या बाजूनं दगडमातीचा बांध घातला. अंगणात पडलेला थेंब बाहेर जाता कामा नये, जिरून आडात यावा, हा त्याचा हट्ट. तो रचायचा आणि ही टोपली वाहायची. बांध लागू पडला. गावाचे आड माघातच आटत, हिचा चैत्रापर्यंत पुरे. अर्धी गल्ली तिथंच पाणी भरायची. आमचं घरसुद्धा.

त्या वर्षी श्रावणात झड लागली. पहिले दोन दिवस आम्ही हात जोडले. तिसऱ्या दिवसापासून काळ्या मातीनं आपला गुण दाखवला. वाडग्यात घोट्याएवढा राडा झाला. कोंबड्यांच्या पायांना चिखलाचे गोळे चिकटले, त्या पाय उचलीनात. पांढरी पिसं राखेच्या रंगाची झाली.

धुरपताबाईनं तुरीचं भुसकट आणून टाकलं. एका दिवसात ते कुजलं, त्याला वाफ सुटली, वासानं डोळे चुरचुरू लागले. मग सगळं खरडून काढलं आणि चुलीतली राख पसरली. शेजारपाजारची राख मागून आणली, तीही चिखलानं गिळली. मी आणि आणखी दोघांनी माळावरून मुरूम वाहून दिला. बारा टोपल्या. दुसऱ्या सकाळी मुरमाचा मागमूस नव्हता.

मग ती शेजारच्या शरणम्माकडं गेली. शरणम्मा कट्टर लिंगायत. अंडं दिसलं तरी पदर नाकाला लावायची.

"अक्का, जराशा तुराट्या द्या. खाली आंथरते. वल लागंना तेवढी जागा पायजे जीवाला."

"अय्यो शिवा! धुरपे, तुझ्या कोंबडीचं नाव ऐकलं तर मला आंघोळ करावी लागती."

"मग नाव नका घेऊ. तुराट्या तेवढ्या द्या."

शरणम्मा हसली आणि स्वतःच्या डोक्यावर दोन भारे घेऊन आली. पावसात उभी राहून, पदर नाकाला लावून, तिनं ते वाडग्यात अंथरूनही दिले. "माझ्या सासूनं सरगातून बघितलं तर खाली येऊन मारंल मला," म्हणाली.

दोन दिवस तुराट्यांनी तारलं. मग पाणी त्यांच्यावर चढलं. कोंबड्या घरात न्याव्यात तर माळवद गळत होतं, चूल विझलेली. धुरपताबाई डेचकी घेऊन वाडग्यातलं पाणी उपसायला लागली. उपसायची आणि लिंबाच्या बुडाशी नेऊन ओतायची. तिथून ते पुन्हा उतरून वाडग्यात यायचं. बांधापलीकडं गल्ली पाच पावलांवर होती. मी हे डोळ्यांनी बघितलं आणि बोललो नाही. बोलावं असं सुचलंच नाही हो.

पाचव्या दिवशी पहिली कोंबडी मेली. सहाव्या दिवशी चार.

सातव्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातले साहेब आले. एसटी बंद होती, नाल्यापासून चालत आले, विजार गुडघ्यापर्यंत भरलेली. कोकणातले होते, नवा जिल्हा म्हणून इकडं बदली झालेली. वाडग्याशी आले, एक कोंबडी उचलून डोळे बघितले, विष्ठा बघितली, पुडीतलं औषध दिलं. मग बांधाकडं बघत म्हणाले,

"मावशी, हे पाणी इथं का थांबलंय?"

"थांबवलंय म्हनून, साहेब."

"अहो, फोडा मग. आमच्याकडं पावसाच्या आधी पहिलं काम पाण्याला वाट काढायची. चिखलात औषध काय करणार?"

धुरपताबाई त्यांच्याकडं बघत राहिली. "पानी सोडून द्यायचं?"

"हो."

"असंच? वाहून जाऊ द्यायचं?"

साहेबांनी पुन्हा मान हलवली. चहा घेतला आणि दुसऱ्या गावाला निघाले.

तिनं टिकाव काढला. बांधावर चढली. तेवढ्यात समोरून शेषेराव आला, गल्लीतला मोठा शेतकरी. "काय करायलीस बाई? बांध फोडतीस? चैताला आमी काय प्यावं? ग्यानोबानं काय कोंबड्यांसाठी घातलाय व्हय तो?"

"कोंबड्या मरायल्या, दादा."

"कोंबड्या आनखी मिळतील. पानी कुटं मिळतं गं?"

आम्ही पाचसहाजण पोती पांघरून उभे होतो. कुणी शेषेरावला बोललं नाही. ती खाली उतरली. टिकाव भिंतीला लावला आणि डेचकी उचलली.

तीन दिवस गेले. ती उपसत राहिली. रोज सकाळी मेलेल्या काढायची, टोपलीत झाकून ओढ्याकडं न्यायची. उरलेल्यांना पदरानं पुसायची. एकीची मान पडायला लागली तर तळहातावर धरून बसायची. देवळात सप्ताह चालू होता. त्या वर्षी ती एकाही कीर्तनाला आली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी टिकावाचा आवाज आला. धावत गेलो तर ती बांधावर होती, एकटी, झपाझप घाव घालत. शेषेराव आपल्या दारातून बघत होता. चौथ्या का पाचव्या घावाला दगड निसटला आणि पाणी सुटलं. हरिपाठाचा एक अभंग म्हणून होईतो वाडगं मोकळं झालं. तळाची माती दिसली. दहा दिवसांचं संकट, जायला एवढासा वेळ.

ती तिथंच खाली बसली. "एवढंच व्हतं व्हय?" म्हणाली. कुणाला विचारलं, माहीत नाही.

नऊ कोंबड्या उरल्या होत्या. आम्ही कोरडा मुरूम टाकला, शरणम्मानं आपला कोरडा भुसा दिला, दुसऱ्या दिवशी ऊनही पडलं. पण रोग आत शिरला होता. रक्ताची हगवण लागली. आठ दिवसांत नऊच्या नऊ गेल्या. शेवटची तिच्या मांडीवर गेली, भर दुपारी, लख्ख उन्हात.

भादव्यात किशनराव आले. एक पेटी, दोन पातेली, ग्यानोबाची घोंगडी. घराला कुलूप लावताना तिनं शरणम्माला विचारलं, "अक्का, पैल्याच दिशी फोडला असता तर वाचल्या असत्या का वो?"

शरणम्मा खोटं बोलणारी बाई नव्हती. तिनं मान खाली घातली. "व्हय गं," म्हणाली. "वाचल्या असत्या."

"मग आपल्या कुनाच्याच ध्यानात कसं आलं न्हाई?"

शरणम्मानं तिला पोटाशी धरलं. किशनरावांनी पेटी डोक्यावर घेतली आणि धुरपताबाई त्यांच्या मागं चालू लागली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, गल्लीतल्या एकाही दाराकडं न बघता.

जावयानं तिला नीट ठेवलं, असं ऐकलं. लेकीनंही. पण मुदखेडला ती बोलायची थांबली म्हणतात, आणि तिसऱ्या वर्षी गेली. आम्हाला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. गावात तिच्या नावानं कुणी पाणी दिलं नाही, दिवा लावला नाही. मीही नाही लावला.

म्हणून एक मागणं आहे. आपल्या गेलेल्या माणसांसाठी हात जोडाल, तेव्हा त्यांच्या रांगेत शेवटी धुरपताबाईचं नाव घ्या. धुरपता ग्यानोबा. विसरू नका.