फ्रेशर्सच्या पट्ट्या

सुजाता घोरपडेच्या ओठांवर आणि डाव्या गालावर कोड होतं. वडील हवाई दलात. चंदीगडहून त्यांची बदली जोरहाटला झाली तेव्हा आई म्हणाली, "तू बी.ए. पुरं कर, मग ये." म्हणून ती कॉलेजच्या हॉस्टेलवर राहिली. साल १९८८, पंजाबात दहशतवादाचे दिवस. अंधार पडायच्या आत फाटक बंद व्हायचं, आणि एखादी मुलगी बसनं घरी गेली की पोचल्याचा फोन येईपर्यंत मैत्रिणींना घास गोड लागायचा नाही.

हॉस्टेलच्या फ्रेशर्स पार्टीत एक रीत होती. सीनियर मुली प्रत्येक नवीन मुलीला कागदी पट्टी लावायच्या. गोरीला 'चांदनी', जाडीला 'रोड रोलर', काळीला 'कोलतार'. सुजाताला पहिल्या वर्षी गालावरच्या डागांमुळे 'नक्शा', म्हणजे नकाशा, मिळाला होता. सगळ्या हसल्या, तीही हसली. पण त्यानंतर वर्षभर तिनं कुणाला आपला फोटो काढू दिला नाही.

यंदा तिच्या खोलीत हरजोत आली. तरनतारनकडची, अमृत घेऊन दीक्षा घेतलेली शीख, अंगावरचा एकही केस न काढणारी. हनुवटीवर, ओठांवर दाट लव. आपल्यासाठी 'ग्यानीजी', म्हणजे गुरुद्वारातले दाढीवाले बाबा, ही पट्टी तयार आहे, हे तिनं न्हाणीघरात ऐकलं आणि ती तडक ट्रंक भरायला बसली.

"दीदी, मी घरी जाते."

"घरी? तुझ्या गल्लीत गोळीबार झाला ना परवा?"

"झाला. पण तिथं माझ्या तोंडाला कुणी हसत नाही."

सुजाता उठली ती थेट रागिणीकडे गेली. रागिणी नागपूरची, सांस्कृतिक मंडळाची सेक्रेटरी. कात्री घेऊन पट्ट्याच कापत होती.

"या पट्ट्या बंद कर, रागिणी."

"अगं, मजा असते यार! तू काहून एवढं मनावर घेऊन राहिली? आणि ऐक, अनाउन्सिंग तूच कर. आवाज काय गोड आहे तुझा! माइक पडद्यामागं लावून देते."

"पडद्यामागं काहून?" सुजातानं तिच्याच शब्दात विचारलं.

रागिणीनं कात्री खाली ठेवली. "प्रिन्सिपल मॅडम येतील, पाहुणे येतील... समजून घे ना."

"समजलं," सुजाता म्हणाली. "अनाउन्सिंग मी करते. पक्कं."

मग ती खोल्याखोल्यांतून हिंडली. पट्टी लावून घेऊ नका, एवढंच सांगत. काही जणी लगेच कबूल झाल्या. एक सरळच म्हणाली, "मला चांदनी मिळणार आहे, मी कशाला नको म्हणू?" सुजाता पुढच्या खोलीकडे वळली. हरजोतनं मात्र ट्रंक परत खाटेखाली सरकवली. "माझी दया येऊन हे करू नका, दीदी. माझे केस मला नडत नाहीत, त्यांना नडतात. मी पार्टीला येते."

पार्टी दुपारीच होती. माइक घेऊन सुजाता पडद्यापुढे आली. आवाज नीट लागला.

"मला इथं 'नक्शा' म्हणायचे. हा तो चेहरा. नीट बघून घ्या, मग कार्यक्रम सुरू करू."

विंगेतून रागिणी खुणा करत राहिली. सुजातानं तिकडे बघितलंच नाही. एकेका मुलीला तिनं तिच्या नावानं, गावाच्या नावानं बोलावलं. काहींनी पट्टी हातानं बाजूला सारली, काहींनी मुकाट्यानं लावून घेतली. हरजोत आली तेव्हा एक सीनियर पिन उघडून पुढे सरसावली. हरजोतनं तिचं मनगट धरलं.

"हरजोत कौर. हेच माझं नाव."

मागून कुणीतरी हसलं. पण ते हसू एकटंच पडलं.

'चांदनी' मिळालेली मुलगी संध्याकाळपर्यंत पट्टी मिरवत होती. रागिणीनं सुजाताशी बोलणं टाकलं. प्रिन्सिपल मॅडम पाहुण्यांबरोबर निघून गेल्या.

सोमवारी सुजाता, हरजोत आणि आणखी काही जणी त्यांच्या केबिनमध्ये उभ्या राहिल्या. पट्ट्या कायमच्या बंद करा, म्हणाल्या. मॅडमनी चष्मा पुसला. "विचार करू."

"चालेल, मॅडम. तुमचा विचार होईपर्यंत आम्ही बाहेर बसतो."

आणि त्या खरंच व्हरांड्यात फरशीवर बसल्या. येणारे-जाणारे बघत होते. सुजातानं ओढणी गालावर घेतली नाही. जेवणाची घंटा झाली, कुणी उठलं नाही. शेवटी शिपाई बाहेर आला आणि पट्ट्या बंद झाल्याची नोटीस फळ्याला लावून गेला.