तीन पोरं कमी

धुकं उतरलं की शाळेच्या मावशी दोर घेऊन निघायच्या. दोराला हात-हातभर अंतरावर गाठी, एकेका गाठीला एकेक पोर. मावशी पुढे, पोरं मागे, आणि दरीच्या बाजूला कुणाचा पाय वळलाच तर मावशी अशा काही ओरडायच्या की पोराच्या सात पिढ्या सरळ चालाव्यात. बावीस वर्षं शिपाईगिरी केली, एक पोर हरवू दिलं नाही त्यांनी. एकेकाळी तीस गाठी भरायच्या. यंदा सात. उरलेला दोर मागे चिखलातून फरफटत यायचा.

गाव ओस पडलं होतं म्हणाल, तर छे! गावात पाय ठेवायला जागा नव्हती. कुण्या उपटसुंभाने कड्यावरच्या सूर्योदयाचा व्हिडिओ काढला आणि खालची सगळी दुनिया वर लोटली. पिठाच्या गिरणीचं कॉफीचं दुकान झालं, न्हाव्याच्या गाळ्यात दुर्बिणी भाड्याने मिळू लागल्या. जो तो मागची खोली रंगवून पाहुण्यांना द्यायला लागला. आणि त्या खोल्यांत आधी राहायचं कोण? सुतार, ड्रायव्हर, गवंडी, त्यांच्या बायका आणि त्यांची पोरं. ती सगळी बिऱ्हाडं खाली नदीकाठच्या वस्तीत गेली. पाहुणे काही आपली पोरं इथल्या शाळेत घालत नाहीत.

मग खालच्या कचेरीतून पत्र आलं. सोमवारी साहेब येणार, पोरं मोजणार. दहाच्या आत असली तर शाळेला कुलूप.

मुख्याध्यापिका बाई पत्र वाचून मटकन खुर्चीत बसल्या. "तीन कमी पडतायत हो, मावशी. कुठून आणू?"

मावशींना शिंपीण आठवली. तिला नेमकी तीन पोरं होती. आणि शिंपीण राहायची कुठे? मावशींच्याच मागच्या खोलीत, नऊ वर्षं! गेल्या साली लेकाने टुमणं लावलं, "आई, सगळं गाव कमावतंय, आपणच हात चोळत बसायचं का?" मावशींना आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी शिंपिणीला खोली सोडायला सांगितली. तिने वाद घातला नाही, मशीन उचललं आणि उतरली. तेव्हा शाळेचा विचार मावशींच्या मनाला शिवलासुद्धा नाही. रोज पोरं मोजणाऱ्या बाईला घरातली तीन मोजता आली नाहीत, आता काय म्हणावं!

"मी आणते," मावशी म्हणाल्या.

शनिवारी सकाळीच त्या वस्तीत उतरल्या. पत्र्याच्या खोलीत शिंपीण मशीनवर बसली होती, वरच्याच कुठल्याशा हॉटेलचे पडदे शिवत. "अगंबाई, मावशी!" म्हणत तिने स्टूल पुढे सरकवलं, चहा टाकला. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरं जातात का गं शाळेत?"

"जातात की. एका वर्गात साठ जण. धाकटा मागे बसून झोपा काढतो." ती हसली. "सुरुवातीला तुमचा दोर पाहिजे म्हणून रडायचा."

मावशींनी एका दमात सगळं सांगून टाकलं. पत्र, सोमवार, साहेब. "पाठव गं त्यांना वर. पाया पडते तुझ्या."

"काहीतरीच काय! आम्हाला तरी कुठे करमतंय इथे? आजच सामान बांधते. फक्त खोली द्या, मावशी. दुसरीकडे वर कुणाकडे रिकामी आहे, तुम्हीच सांगा."

'ये' हा शब्द मावशींच्या अगदी ओठांवर आला होता. पण डोळ्यांपुढे खोली उभी राहिली. नवी फरशी, गरम पाण्याचा नळ, दारावर पाटी लावून चार वेळा लांबून बघणारा लेक.

"हंगाम संपेपर्यंत भरलीय गं ती," त्या म्हणाल्या. "लोकांना शब्द दिलाय. त्यानंतर बघू."

"त्यानंतर शाळा कुठे असणार, मावशी?"

शिंपिणीने पडदा पुन्हा सुईखाली सरकवला. "चहा घ्या. गार होतोय."

मावशी चढण चढून वर आल्या. शाळेच्या फाटकाशी बाई वाट बघत उभ्याच होत्या. "येतायत ना पोरं?"

"नाही म्हणाली शिंपीण."

"नाही? अहो, का?"

"इथे बरं चाललंय म्हणाली. वर कशाला येऊ म्हणाली."

बाई लालबुंद झाल्या. "बघा! नऊ वर्षं पोटच्या लेकीसारखं सांभाळलंत तिला, आणि वेळेला पाठ फिरवली. किती कृतघ्न असतात हो माणसं!"

बाईंचे डोळे भरून आले होते. खरं सांगून टाकावं, असं मावशींना वाटलं. वाटलं तेवढंच.

"असतात खरी," त्या म्हणाल्या, आणि पाहुणे यायच्या आत खोलीतल्या चादरी बदलायला घराकडे निघाल्या.