रिकामं वजन

दयानंदने पाइपचं तोंड कॅराव्हॅनच्या टाकीत खुपसलं आणि नळ पूर्ण सोडला.

आखातातल्या रुसैलच्या यार्डात दोन गाड्या उभ्या होत्या, एक नवीकोरी जीप आणि एक अवजड पिकअप. दुरुस्त होऊन आलेली कॅराव्हॅन ओढायला यातली कुठली घ्यायची, ते त्याने सांगायचं होतं.

"जीप अच्छा है, दया," अर्बाब, म्हणजे त्याचे अरब मालक, म्हणाले. "कॅराव्हॅन दो टन भी नहीं. तुम ही बोला था."

बोलला होता खरा. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. बॉडी तयार झाली की रिकामीच वजनकाट्यावर चढवायची, हे हाताचं वळण. गेल्या हिवाळ्यात कॅराव्हॅनही त्याने तशीच तोलली आणि ती ओढायला अर्बाबांची जुनी गाडी पास केली. वाळवंटात मुक्कामाला जाणारं घर पाण्याचे ड्रम, जनरेटर, बकऱ्यांचा चारा घेऊनच निघतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. याला सुचलं नाही. इब्राच्या रस्त्यावर उताराला कॅराव्हॅन डुलायला लागली आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन उलटली. चालवत होता जैनुद्दीन, तो जागीच गेला. बारा वर्षं दयानंदसोबत एकाच खोलीत राहिलेला, शुक्रवारी त्याच्या वाटणीचेही मासे तळणारा.

दयानंदला कोणी शब्दाने बोललं नाही. अल्लाची मर्जी म्हणून सगळे मोकळे झाले. तो एकटाच अडकून राहिला.

टाकी भरली. मागच्या बाजूला ड्रम, जनरेटर, चारा, सगळं चढवून त्याने कॅराव्हॅन काट्यावर आणवली. पावणेतीन टन.

"जीप नहीं अर्बाब. पिकअप."

एवढ्यात मोबाइल वाजला. दाभोळहून जैनुद्दीनची बायको, अमीरुन्निसा.

"दयाभाऊ, आमच्या ताबिशचा व्हिसा झाला. अर्बाब त्याला अब्बाच्याच जागेवर घेतायत. ड्रायव्हर म्हणून."

दयानंद काट्याच्या कठड्यावर बसला. "भाभी, नका पाठवू त्याला."

"घरात दुसरं कोण आहे कमावणारं? गाडी तुम्ही बघताय म्हणे. मग मला घोर नाही."

सहा महिने कोणालाच न सांगितलेलं त्याने सांगून टाकलं. "मागच्या वेळची गाडी पण मीच पास केली होती, भाभी. चूक माझी होती."



"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "निघताना यांचा फोन आला होता. म्हणाले, सामान भरल्यावर गाडी मागून खाली बसलेय. मी म्हटलं, मग दयाभाऊंना सांगा ना. तर म्हणाले, अर्बाबच्या समोर त्याची मान खाली जाईल. हळूहळू नेतो."

फोन कधी बंद झाला ते त्याला कळलं नाही.

"खलास, दया? पिकअप पक्का?" अर्बाबांनी विचारलं.

दयानंद उठला. काट्यावरचा आकडा तोच होता, पावणेतीन. 

"फिर से तोलेगा, अर्बाब."

"अभी तो तोला!"

"फिर से. इस बार जैनुद्दीन का बेटा चलाएगा," दयानंद म्हणाला, आणि कॅराव्हॅन खाली उतरवून काटा शून्यावर आणायला सांगितला.