कोयत्यामागे एक माणूस

इतिवृत्त.
विषय: गरोदर बायांच्या तपासणीचा वार आणि वेळ पेशंटना विचारून ठरवणे.
ठिकाण: सोसायटीचा हॉल.
उपस्थिती: बेचाळीस.

(इथपर्यंत बरोबर आहे. पुढचं मी, नर्स जानकी, सात महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे.)

बोलवायचं कोणाला, हे डॉक्टरांनी माझ्यावर सोडलं होतं. दुष्काळ होता, अर्धंअधिक गाव ऊसतोडीला निघणार होतं. म्हणून मी मुकादम शहादेवकडून टोळीची यादी आणली. यादीत कोयते होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, नाव नवऱ्याचं. कोयत्यामागे एक माणूस पाठवा, असा निरोप मी दिला. मीही इथलीच. मला काही खटकलं नाही.

बेचाळीस पुरुष आले.

चर्चा चांगली झाली.
खोडते. चर्चा झाली.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, बायांचं बायांना विचारायला नको का? थोडा हशा झाला.

"त्या टँकरपाशी हायेत," शहादेव म्हणाला. "आमी सांगतो की त्यांचं."

ठराव: दर बुधवारी, सकाळी दहा. एकमताने मंजूर.

टँकर रोज दहालाच यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

पहिला बुधवार. भिवराबाई आली नाही. पाचवा महिना. रस्त्यात भेटली तेव्हा तिची पापणी ओढून पाहिली होती मी, आत पांढरंफटक. रक्त तपासायला ये म्हणाले होते.

दुसरा बुधवार. नाही.

तिसऱ्या बुधवारी मीच तिच्या घरी गेले. कुलूप. टोळी आदल्या दिवशी गेली होती.

मूल सातव्या महिन्यात गेलं, उसाच्या फडात. हे मला तिच्या जावेकडून कळलं.

उन्हाळ्यात टोळी परतली. मी कोरा कागद घेऊन भिवराबाईकडे गेले. तपासणीला कोणती वेळ सोयीची, विचारलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"सांजच्याला. टँकर गेल्यावर." मग म्हणाली, "सिस्टर, एवढंच इचारायचं व्हतं?"

मी हो म्हणाले.

वेळ बदलली. पहिल्याच संध्याकाळी ती जावेला घेऊन आली. जावेचं नाव लिहून झालं. मग मी भिवराबाईकडे पाहिलं, तर म्हणाली, मी नुसती सोबतीला आलेय. आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.