उलटी गाठ

बाजाराच्या आदल्या दिवशी ऐनबोडीतल्या ढिवरांच्या बाया सकाळीच चूल उरकून अंगणात बसतात. एका बाजूला उकडलेल्या कोशांचं टोपलं, दुसऱ्या बाजूला लाकडी फिरकी आणि लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. डाव्या हातानं सहा-सात कोशांचे तंतू एकत्र ओढायचे, उजव्या तळव्यानं ते उघड्या मांडीवर वळायचे आणि फिरकीवर गुंडाळायचे. दिवसभर हेच. असं टसर रेशमाचं सूत तयार होतं. त्याच्या साड्या होतात, भरतकामाच्या लड्या होतात, लग्नातलं कंकण होतं. शहरातल्या दुकानात त्यावर 'हातानं वळलेलं' असं कौतुकानं लिहितात. मांडीचं कोणी लिहीत नाही. तिथली कातडी आधी लाल होते, मग सोलवटते आणि शेवटी पायताणाच्या तळासारखी निबर होते.

रुखमा मात्र अंगणात बसत नसे. तिची जागा घराच्या मागं, शेळ्यांच्या गोठ्याजवळ. बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा वैनगंगेत जाळं टाकायला गेला आणि डोंगा उलटून बुडाला. तेव्हापासून ती मागं. विधवेची सावली पडली की ऐनाच्या झाडावरचे कोशाचे किडे मरतात, असं गाव मानत होतं. या बारा वर्षांत किडे कधी पावसानं मेले, कधी मुंग्यांनी खाल्ले, कधी कावळ्यांनी टिपले. नाव मात्र दरवेळी रुखमाचं झालं.

लडी पुरी झाली की टोकाला गाठ मारतात. गावभरच्या बाया ती उजवीकडून मारत. रुखमानं ती डावीकडून, उलटी मारायची. हा नियम ना देवाचा होता ना गावाचा. तो धनराजशेठचा होता. धनराजशेठचं चंद्रपुरात मोठं दुकान, आणि ऐनबोडीचं सगळं सूत दर बाजारी तोच घ्यायचा. रुखमाचा नवरा गेल्यावर पहिल्याच बाजाराला त्यानं बजावलं होतं, "तुह्या सुताची गाठ येगळी ठेवजो बाई. सुवासिनीईच्या सुतात मिसळलं तं माहा धंदा बसते."

ती गाठ मारून रुखमा वर दोन पीळ द्यायची आणि शेंडा आत खोचायची. तिची मुलगी दिव्यानी आठ वर्षांची असल्यापासून आईबरोबर शेंडे खोचत आली होती. आता ती वीस वर्षांची झाली होती, बारावी शिकलेली होती, आणि येत्या वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात धनराजशेठनं काटा मांडला. विधवेच्या मालावर बोहनी होत नाही, म्हणून रुखमा मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं.

"शेठ, सूत तं पाहा. किती बारीक हाय," ती म्हणाली.

"बारीक हाय व बाई, नाई कोन म्हन्ते? पन कंकनाले चालते का थे? देवाले चालते का? असलं सूत मी गोधड्या शिवनाऱ्याईले देतो. मेहरबानी म्हून घेऊन राह्यलो." आणि त्यानं नेहमीसारखा अर्धा भाव हातावर ठेवला.

दिव्यानी काही बोलायला गेली, तर रुखमानं तिचा दंड धरला. माणूस मारून अन्न हिसकावणाऱ्याला आपण दरोडेखोर म्हणतो. गोड बोलून, देवाचं नाव घेऊन अर्धं अन्न काढून घेणाऱ्याला शेठ म्हणतो, आणि लग्नाची पहिली पत्रिका त्यालाच नेऊन देतो.

फाल्गुनात नंदिनी मॅडम आल्या. चंद्रपूरच्या एका शाळेत त्या शिवणकाम आणि भरतकाम शिकवत. वर्गासाठी लागणाऱ्या लड्या त्या धनराजशेठच्या दुकानातून घेत. एक दिवस त्यांनी विचारलं, हे सूत बनतं कुठं? दुकानात कोणी दाद दिली नाही. शेवटी माल उतरवणाऱ्या हमालानं गावाचं नाव सांगितलं, तसं त्यांनी एसटी पकडली.

रुखमाचा मोठा दीर सोमाजी ओसरीवर होता. त्याची बायको आशाबाई हिनं घरातल्या लड्या आणून चटईवर मांडल्या. नंदिनी मॅडमनी एकेक लडी उजेडात धरली आणि शेवटी एक बाजूला काढली.

"ही कोणाची? अशा मला दर महिन्याला तीस लागतील. दुकानात देते तोच भाव तुमच्या हातात देईन."

"थे नोका घेऊ मॅडम," आशाबाई ओशाळून म्हणाली. "थे रांडमुंडीचं हाय. माह्या जावेचं."

नंदिनी मॅडमनी लडी हातातच ठेवली. "सुताला नवरा असतो का हो बाई?"

मागच्या दारात उभी असलेली दिव्यानी खुदकन हसली. रुखमा हसली नाही. आपलं सूत कोणीतरी निवडून हातात धरलं आहे, एवढंच ती बघत होती.

सोमाजीनं मात्र मान हलवली. "मॅडम, तुमी आज आल्या, उद्या तुमची बदली होईन. शेठ दर बाजाराले येते. तुमाले इकलं हे त्याले समजलं तं त्यो आमचं एक तोळा सूत घेनार नाई. मंग आमी जाव कुठी?"

सोमाजी वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. ज्याच्या हातात एकच दोर आहे तो दोराला शिव्या देत नाही, घट्ट धरून ठेवतो. नंदिनी मॅडम रिकाम्या हातानं परतल्या. जाताना त्यांनी दिव्यानीच्या वहीत फोन नंबर लिहून दिला.

वैशाख आला. ऐनबोडीत अक्षता पडायच्या आधी नवरा-नवरीच्या मनगटाला टसरच्या सुतात हळकुंड बांधतात. रुखमानं लेकीसाठी एक लडी वेगळी वळून ठेवली होती. केसाहून बारीक, एकाही तंतूचा सांधा नसलेली. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं ती भीत भीत जावेपुढं धरली.

आशाबाईनं हात मागं घेतला. "येडी झाली का व रुखमा? आपल्या पोरीच्या सौंसाराले तूच आग लावतं? धनराजशेठच्या दुकानातून पाकिटं आनली हायेत मी. पाच आनली, कमी नोको पडाले."

पाकिटं गुळगुळीत होती. वर नथ घातलेल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या बाईचं चित्र. खाली लाल अक्षरांत: 'सुवासिनींच्या हातचं मंगल सूत.' ज्या गावात हे सूत वळलं जातं, तेच गाव ते विकत आणत होतं. स्वतःच्या मांडीची साल काढून वळायचं, मातीमोलानं द्यायचं, आणि वर कुंकवाचं चित्र चिकटलं की सोन्याच्या भावानं परत आणून डोक्याला लावायचं. रुखमानं आपली लडी कमरेला खोचली.

लग्नाच्या दिवशी तिला घरात, धान साठवायच्या ढोलीमागं बसवलं. "अक्षता पडेपर्यंत भायेर नोको येजो," आशाबाई म्हणाली. म्हणताना तिचा आवाज मऊ होता. असले घाव बहुतेक वेळा मऊ आवाजातच घातले जातात.

मांडव भरला होता. पहिल्या ओळीत खुर्चीवर फेटा बांधलेला धनराजशेठ. नवरदेव प्रवीण पाटावर, शेजारी दिव्यानी. आशाबाईनं पाकीट फोडलं, लडी काढली आणि हळकुंड बांधायला दिव्यानीचा हात हातात घेतला.

"मोठी माय, थांब." दिव्यानीनं लडी तिच्या हातातून काढून घेतली. "हे माह्या मायचं सूत हाय."

"काईबी नोको बोलू. आत्ता फोडलं मी पाकीट, तुह्यासमोर."

"गाठ पाय. डावी हाय का नाई? वर दोन पीळ हायेत, शेंडा आत खोचला हाय. असा शेंडा माही मायच खोचते. आठ वर्साची होती तवापासून मी खोचून राह्यली तिच्यासंग."

धनराजशेठ हसला. "अव पोरी, कामगाराईची चूक झाली असन. एखांदी लडी गेली मिसळून."

"मंग दुसरं फोडा," दिव्यानी म्हणाली.

दुसरं फोडलं. उलटी गाठ. तिसरं फोडलं. उलटी गाठ. पाचातल्या चार पाकिटांत रुखमाचं सूत निघालं. निघणारच होतं. गावात सगळ्यात बारीक सूत तिचं आणि सगळ्यात स्वस्त पडणारंही तिचंच. मग सगळ्यात महाग पाकिटात दुसरं काय जाणार? काट्यावर जे अशुभ होतं, ते दुकानात पोचेपर्यंत मंगल झालं होतं. बारा वर्षं या माणसानं एका बाईचं कपाळ दाखवून तिचं पोट कापलं होतं. वेगळं ओळखू यावं म्हणून त्यानंच मारायला लावलेली गाठ आज त्याच्यासमोर पडली होती.

म्हातारी गिरजाबाई काठी टेकत उठली. "मांगच्या साली माह्या नातीच्या, सोमारीच्या लगनात हेच पाकीट आनलं होतं. पोरगी नांदून राह्यली. लेकरू झालं तिले." ती धनराजशेठकडं वळली. "मंग इतके दिस त्या रुखमाले आमी काऊन मांगं बसवलं रे?"

खरं तर हा प्रश्न शेठला विचारायचा नव्हताच. तो तिथं जमलेल्या प्रत्येकाला लागू होता.

धनराजशेठ उठला, फेटा काढून खुर्चीवर टाकला. "बोलावून इज्जत घेता काय? पाहातो मी, आता तुमचं सूत कोन घेते तं." तो तरातरा निघून गेला. सोमाजी दोन पावलं त्याच्यामागं धावला आणि मांडवाच्या खांबाशी थबकला.

"माह्या हाताले माय बांधन," दिव्यानी पाटावरून म्हणाली. "माय नाई तं कंकन नाई. अन् कंकन नाई तं लगन नाई."

प्रवीणचा बाप खवळला. "हे आमाले चालनार नाई! राहू द्या तुमची पोरगी तुमच्याच घरी."

प्रवीण इतका वेळ खाली मान घालून बसला होता. तो घाबरलेला दिसत होता. तरी बोलला. "बाबा, पाकिटातलं चाललं असतं ना तुमाले? मंग मानूस भायेर आला तं काय बिघडते?"

बाप पुटपुटत खाली बसला. दिव्यानी उठून ढोलीमागं गेली. रुखमानं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीला पाठ लावून अंग चोरून बसली होती.

"नोको व बाई," ती म्हणाली. "माही सावली नोको पडाले तुह्यावर."

ही या रूढीची सगळ्यात नीच करामत. बाकीचे थकून थांबले तरी रूढीनं ज्याला मारलं आहे, तोच तिची चाकरी करत राहतो.

"माय, गावच्या किती पोरीच्या हाताले तुहं सूत बांधलं असन, मोज," दिव्यानी तिच्यापुढं बसून म्हणाली. "एकीचं तरी वाईट झालं का? एकच नाव सांग मले. सांगशील तं मी नाई बोलावत."

रुखमाला एकही नाव सापडलं नाही. मग ती उठली.

बिनकुंकवाचं कपाळ घेऊन ती भरल्या मांडवात आली तेव्हा दोन-तीन बायांनी तोंड फिरवलं. ते इथं लपवण्यात अर्थ नाही. रुखमानं कमरेची लडी काढली, हळकुंड लेकीच्या मनगटावर ठेवलं आणि वेढे घेतले. गाठ मारली. दोन पीळ दिले, शेंडा आत खोचला.

"उलटी झाली व गाठ," आशाबाई न राहवून म्हणाली.

रुखमा दचकली. बारा वर्षांची सवय, बोटं दुसरी गाठ विसरून गेली होती. ती सोडायला वाकली, तसा दिव्यानीनं हात मागं ओढून छातीशी धरला.

"राहू दे. माह्या मायची गाठ हाय थे." आणि मग तिला रडू आवरेना. प्रवीणनं आपलं मनगट रुखमापुढं केलं.

पुढच्या बाजाराला धनराजशेठनं काटा मांडला. रागावला होता तरी आला होता, कारण दुकान त्याच्या रागावर चालत नव्हतं, या बायांच्या मांडीवर चालत होतं. त्यानं पहिली लडी उचलली. उलटी गाठ. दुसरी उचलली. उलटी. गावातल्या चौदा सूतवाल्यांपैकी अकरा जणींनी गाठ डावीकडून मारली होती.

"रुखमाचं कोनतं हाय?" त्यानं चिडून विचारलं.

"तूच ओरख ना," गिरजाबाई म्हणाली. "तुले तं शुभ-अशुभ सारं समजते."

"असं असन तं सगळ्याईले अर्धाच भाव."

"नोको घेऊ मंग." बायांनी लड्या उचलून टोपल्यात भरल्या. दिव्यानीनं सासरहून नंदिनी मॅडमना फोन केला होता, आणि त्या एसटीनं यायच्या होत्या. पुढं निभेल की नाही, हे त्या अकरा जणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. भीती सगळ्यांनाच होती. तरी रुखमा त्या दिवशी मोहाच्या झाडाखाली उभी नव्हती, पहिल्या टोपल्यापाशी बसली होती. तिच्या शेजारच्या टोपल्यातल्या लडीची गाठ सगळ्यात बेंगरूळ होती, आधी उजवी मारून सोडलेली, मग चाचपडत डावी मारलेली. ते टोपलं आशाबाईचं होतं.

वाचकहो, तुमच्या कपाटात, देव्हाऱ्यात, लेकीच्या रुखवतात असं एखादं पाकीट असेल. ते दुकानातून घेताना तुम्ही रंग पाहिला, भाव केला, वरचं कुंकू पाहिलं. आज ते उघडा आणि गाठ बघा. ज्या बाईच्या हातचं तुम्ही मनगटावर बांधता, तिला तुमच्या दारातल्या कार्यात पुढं बसवता का? आणि ती कोण, हे दुकानदार सांगत नसेल, तर स्वतः जाऊन विचारा. चंद्रपूरहून ऐनबोडीकडं एसटी रोज जाते.